फ्रेंच विनोदी सिनेमे आणि त्यातल्या एकेक भारी बायका

चिंचगुळ

परवा ताटात दहीभात घेऊन एक जुना फ्रेंच सिनेमा तिसऱ्यांदा बघितला आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून हा धागा काढतेय. आधी कुणी काढला असेल तर अॅडमिननी खुशाल उडवा.

सिनेमा आहे 'अँनेर द फामिय', १९९६ चा, दिग्दर्शक सेद्रिक क्लापिश. एका कॅफेत दर शुक्रवारी एक कुटुंब जमतं, आई, दोन मुलगे, एक मुलगी आणि एक सून, बस. एक भाऊ तो कॅफे चालवतो आणि त्याची बायको नेमकी त्याच दिवशी घर सोडून गेलेली. दुसरा भाऊ कंपनीत चार नंबरचा साहेब, तो त्या दिवशी दोन मिनिटं टीव्हीवर दिसून आलाय आणि त्याचं सगळं लक्ष टाय बरा दिसला का, मी जास्त हसलो का, बॉस काय म्हणेल यातच. बहीण सगळ्यांवर वैतागलेली. कोपऱ्यात अंग लुळं पडलेलं एक म्हातारं कुत्रं आडवं पडलंय, नाव कारुझो. आणि या सगळ्यात त्या साहेबाच्या बायकोचा, म्हणजे योलांदचा, पस्तिसावा वाढदिवस आहे जो कुणालाच धड साजरा करायचा नाहीये.

तर प्रसंग असा. सासूबाई सुनेला भेट म्हणून कुत्रं देणार असतात, त्या कारुझोच्याच जातीचं. योलांदच्या डोळ्यासमोर तो अंग गेलेला कारुझो, तरी ती थँक्यू म्हणते. मग नवऱ्याकडून एक डबी येते, उघडली तर आत चकचकीत नेकलेस. आता डोक्यात कुत्रंच बसलंय ना, त्यामुळे बाईला वाटतं हा कुत्र्याचा पट्टा. आणि ती अगदी मनापासून, कौतुकाने म्हणते की अहो कुत्र्याला एवढं भारी कशाला! सगळे तिला समजावतायत की अगं तुझ्यासाठी आहे ते, गळ्यात घाल, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काय होतं ते मी इथे टाईप करून सांगू शकत नाही. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा हसून हसून ठसका लागला, दुसऱ्यांदा हसले पण जरा कमी, परवा घास तसाच राहिला हातात.

ही बाई म्हणजे कातरीन फ्रो. आधी हे नाटक होतं, त्यातही हे काम तिनेच केलेलं. सिनेमासाठी तिला सहाय्यक अभिनेत्रीचा सेझार मिळाला, सेझार म्हणजे तिकडचं फिल्मफेअर समजा, जरा बऱ्या दर्जाचं.

तर माझा मुद्दा. आपल्याकडे विनोदी सिनेमातली बाई म्हणजे एकतर हिरोच्या शेजारी गोड दिसणारी, नाहीतर जाड, नाहीतर कजाग, आणि हसायचं ते तिच्याकडे बघून. फ्रेंच सिनेमात मला वर्षानुवर्षं दिसतंय ते असं की बाई स्वतः अजिबात हसत नाही, वेडंवाकडं तोंड करत नाही, ती भयंकर सिरियस असते आणि तिच्या त्या सिरियस असण्यानेच आपली वाट लागते. आणि चाळिशी पन्नाशी साठी कशानेही तिचं काम थांबत नाही. फ्रो बाईंचंच बघा, २०१५ मधल्या 'मार्गेरित'मध्ये त्या जवळजवळ साठीच्या, श्रीमंत बाई, गाण्याचं प्रचंड वेड आणि एक सूर धड लागत नाही, आणि तोंडावर सांगायची कुणाची हिंमत नाही. मुख्य अभिनेत्रीचा सेझार मिळाला. बेसूर गाणं किती मन लावून गावं याचा क्लास आहे तो.

तुम्ही काय काय बघितलंय, कुठली नटी आवडते, टाका इथे. फक्त 'अॅमेली' सोडून काहीतरी सांगा प्लीज :)

बोरूबहाद्दर

मी पयला! अॅमेली.

चिंचगुळ

बोरू, अपेक्षित होतं.

बोरूबहाद्दर

बरं आता सिरियसली. ही फ्रो बाई 'ल दिने द कों'मध्ये पण आहे ना? ज्याच्यावरून आपला 'भेजा फ्राय' आला. मी भेजा फ्राय आधी बघितला २००७ मध्ये थेटरात आणि मूळचा १९९८ चा नंतर, त्यामुळे मला विनय पाठकच खरा वाटतो आणि तो जाक व्हिलरे डुप्लिकेट, माझा इलाज नाही. पण ओरिजिनलमधला माणूस काडेपेट्यांच्या काड्यांचे आयफेल टॉवर बिवर बनवतो आणि आपला गाणी म्हणतो, हा बदल मात्र एक नंबर केलाय, आपल्याकडे मैफिलीत पकवणारा माणूस कुणाला भेटला नाही सांगा.

चिंचगुळ

हो तीच. त्यात ती मार्लेन, ज्याच्या घरी हे सगळं घडतं त्या प्रकाशकाची मैत्रीण. गोंधळ असा की घरी परत आलेल्या बायकोलाच तो काड्यांवाला येडा पिन्यों मैत्रीण समजतो आणि नको ते बोलून हाकलून देतो, आणि मग खरी मैत्रीण दारात उभी. फ्रोचं काम छोटं आहे पण भुवया बघ तिच्या.

ल्योंकर

मस्त धागा! नऊ वर्षं झाली इथे ल्योंमध्ये, तर माझे चार आणे.

तू नेकलेसचा सीन सांगितलास त्यावरून त्याचा उलटा सीन आठवला. १९८२ चा 'ल पेर नोएल एत् युन ऑर्द्युर', नावाचा अर्थ साधारण सांताक्लॉज हा हलकट माणूस आहे असा. नावामुळे पॅरिसच्या मेट्रोने पोस्टर लावायला नकार दिला होता. डिसेंबर आला की इथे टीव्हीवर हा लागणारच आणि ऑफिसात लोक त्यातलेच डायलॉग फेकणार, जसे आपण बनवाबनवीतले फेकतो, सत्तर रुपये वारले वगैरे. मी पहिल्या वर्षी बावळटासारखा बघत बसायचो, हे कशाला हसतायत. मग एका कलीगने बसवून दाखवला.

ख्रिसमसची आदली रात्र. आयुष्याला कंटाळलेल्या लोकांसाठी असते तशी एक फोन हेल्पलाइन, तिथे पिएर आणि तेरेझ ड्युटीवर. तेरेझ म्हणजे आनेमोन, चष्मा, केस घट्ट, एकदम चर्चमधली ताई. तिने पिएरसाठी स्वतः विणून काहीतरी आणलंय. तो पार्सल उघडतो आणि प्रचंड आनंदाने म्हणतो, अरे वा तेरेझ, लादी पुसायचं फडकं! आणि ती, अजिबात न चिडता, आवाज न चढवता सांगते की नाही, ते जाकीट आहे, हात घालायला जरा मोठी भोकं ठेवलीयेत बघा. मी खलास. वर शेजारचा एक परदेशी गृहस्थ त्यांच्या देशाची मिठाई घेऊन येतो, ती हाताने वळलेली असते, काखेत. त्यानंतर मी सहा महिने लाडू बघितला की आठवायचं.

म्हणजे तुझ्या सिनेमात बाईला दिलेली भेट बाईच ओळखत नाही, आणि इथे बाईने दिलेली भेट पुरुष ओळखत नाही. दोन्हीकडे मार बाईलाच.

यातली मंडळी 'स्प्लांदीद' नावाच्या ग्रुपची. पॅरिसमध्ये कॅफे-थिएटर म्हणतात, छोट्याशा जागेत नाटक, लोक समोर खातपित बसलेले, तिथून हे सगळे आले. नाटक सगळ्यांनी मिळून लिहायचं. त्यामुळे जोझियान बालास्को आणि मारी-आन शाझेल या दोघी नुसत्या नट्या नाहीत, लिहिणाऱ्याही आहेत. मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, स्वतःचे जोक स्वतः लिहिले की कुणी तुम्हाला शोपीस म्हणून उभं करत नाही.

चिंचगुळ

लादी पुसायचं फडकं =)) =)) हसून हसून पुरेवाट. आजच शोधते.

उगीचच

मी जरा उलटं बोलणार आहे, टोमॅटो तयार ठेवा.

मला फ्रेंच विनोद झेपत नाही. बडबड बडबड बडबड, एका खोलीत सहा जण, सगळे एकाच वेळी बोलतायत, खाली सबटायटल वाचेपर्यंत पुढचा माणूस सुरू, मी पिक्चर बघितला की पेपर वाचला तेच कळत नाही. आणि हे बायकांचं कौतुक चाललंय ते पण मला निवडक वाटतं. तिकडचा सगळ्यात लोकप्रिय विनोदवीर कोण, लुई द फ्युनेस. त्याचे सिनेमे मी बरेच बघितलेत, कारण निदान त्यात तो माणूस नाचतो ओरडतो धडपडतो, सबटायटल लागत नाही. त्यात बायका काय करतात? 'ला ग्रांद व्हाद्रुय' १९६६ चा, फ्रान्समध्ये सतरा मिलियनच्या वर तिकिटं खपली, चाळीसेक वर्षं कुठल्याच फ्रेंच सिनेमाला रेकॉर्ड तुटलं नाही. नायिका कोण सांगा बरं न गुगलता. बाकी सिनेमांत त्याची बायको म्हणून तीच ती एक बाई, तो तिला 'मा बिश' म्हणजे माझी हरिणी म्हणणार आणि ती डोळे मोठे करणार. झालं काम. हे आपल्यापेक्षा वेगळं कसं?

दुपारचाचहा

उगीचच, तुम्ही ज्यांना 'ती एक बाई' म्हणताय त्यांचं नाव क्लोद जाँसाक. मी या धाग्यावर केवळ त्यांच्यासाठी लॉगिन केलंय, एरवी आता वाचनमात्र असतो.

मी पुण्यात आलियाँस फ्रांसेझला फ्रेंच शिकायला जायचो तेव्हाची गोष्ट, पंचेचाळीस वर्षं सहज झाली. तिथे प्रोजेक्टरवर सिनेमे दाखवायचे, सबटायटल असलं तर नशीब. भाषा अर्धी कळायची त्यामुळे आम्ही चेहरे बघायचो. फ्युनेस हा माणूस म्हणजे उकळतं पाणी. आता उकळतं पाणी ठेवायला भांडं लागतं की नाही? जाँसाकबाई म्हणजे ते भांडं. तो थयथयाट करत असतो तेव्हा एकदा त्याच्याकडे न बघता फक्त त्यांच्याकडे बघा. त्या नवऱ्याला घाबरत नाहीत, रागावत नाहीत, त्या वाट बघतात. पाऊस थांबायची वाट बघावी तशी. आणि थांबला की एक वाक्य टाकतात आणि तो गार. १९६७ च्या 'ऑस्कार'मध्ये बघा, १९६८ मध्ये तो जाँदार्म, म्हणजे तिकडचा फौजदार हो, लग्न करतो त्यात बघा. प्रेक्षकांनी त्या दोघांना खरेच नवराबायको समजायला सुरुवात केली होती इतकी जोडी जमली. आणि बाईंचं पुढे काय झालं म्हणाल तर सत्त्याऐंशीव्या वर्षी 'ल्युल्यू फाम न्यू'साठी सेझारचं नामांकन मिळालं. २०१६ मध्ये गेल्या.

दुसरं, १९७८ चा 'ला झिझानी'. त्यात फ्युनेसची बायको आनी जिरार्दो. नवरा कारखानदार आणि गावचा मेयर. त्याला मोठी ऑर्डर मिळते, कारखान्यात जागा नाही, तर हा पठ्ठ्या यंत्रं आणून थेट घरात बसवतो, बायकोच्या झाडांच्या जागी. ती घर सोडते आणि निवडणुकीला त्याच्याचविरुद्ध उभी राहते. आता बोला.

आणि मराठी माणसाने फ्रेंच विनोद झेपत नाही म्हणावं हे मला पटत नाही. अत्र्यांचं 'कवडीचुंबक' कुठून आलं? मोलिएरच्या 'लाव्हार'वरून. तेच नाटक फ्युनेसने १९८० मध्ये पडद्यावर आणलं आणि त्यात लग्नं जुळवणाऱ्या फ्रोझीनच्या कामात पुन्हा जाँसाकबाईच. कंजूष म्हाताऱ्याला तो किती तरुण दिसतो हे पटवत पटवत पैसे काढायला बघतात, तो स्तुती सगळी घेतो, पैशाचं नाव काढलं की बहिरा. हे आपल्याला झेपत नाही? बबन प्रभूंचे फार्स बघून आमची पिढी वाढली, एक दार उघडतं तेव्हा दुसरं बंद होतं, ती सगळी विद्या मूळ फ्रेंचांचीच.

उगीचच

काका, शरण. भांड्याचं पटलं. बडबडीचं अजून नाही.

बोरूबहाद्दर

उगीचच ला कुणीतरी पहिल्यांदाच गप्प केलं, वाचनखूण साठवली.

मालवणीमेवा

बडबडीवरून आठवला, तुम्ही कोणी 'बियँव्हन्यू शे ले श्ती' बघितलास काय? २००८ चा. वर उगीचच म्हणतात ता सतरा मिलियनचा रेकॉर्ड ह्येनाच मोडला, वीस मिलियनच्या वर तिकिटा. मी सबटायटलवरच बघितलं, पण आमका मालवणी लोकांका हो सिनेमा लगेच कळता, कारण विषयच बोलीचो आसा.

(आता सगळ्यांसाठी प्रमाण मराठीत लिहितो.) दक्षिणेतला एक पोस्टमास्तर, त्याला समुद्रकाठी बदली हवी असते, त्यासाठी अपंग असल्याचं खोटं नाटक करतो, पकडला जातो आणि शिक्षा म्हणून पार उत्तरेला बर्ग नावाच्या गावात बदली. दक्षिणेतल्यांना वाटतं तिकडे नुसती थंडी आणि दारूडे. तो जातो तर काय, लोक फार प्रेमळ, फक्त बोलतात भलतंच, जिथे 'स' तिथे 'श'. पहिल्या रात्री रिकामं घर बघून हा विचारतो फर्निचर कुठंय, तर तिथला पोस्टमन म्हणतो ते आधीच्या साहेबाचं, त्याचं स्वतःचं होतं. आता 'त्याचं' ला शब्द 'सियँ', हे लोक म्हणणार 'शियँ', आणि 'शियँ' म्हणजे कुत्रे. मग साहेब विचारतोय कुठले कुत्रे, कुत्र्यांना फर्निचर कशाला, आणि तो परत परत तेच सांगतोय. आमच्या मुंबईच्या भाच्याला मालवणीत काही सांगितलं की हेच होतं.

आता नट्यांचं. साहेबाची बायको झोए फेलिक्स. तिला वाटतं नवरा तिकडे हालात दिवस काढतोय, म्हणून ती एकदम प्रेमाने वागायला लागते, आणि हा बिचारा मजेत आहे हे सांगूच शकत नाही. ती प्रत्यक्ष बघायला येते तेव्हा अख्खं गाव मिळून तिच्यासाठी भयाण गावाचं नाटक करतं. पण खरी धमाल पोस्टमनची आई, लीन रनो. बाई मूळची त्याच भागातली, गाजलेली गायिका, सिनेमाच्या वेळी ऐंशीला टेकलेली. मुलाला तिशी उलटली तरी मुठीत ठेवणारी आई. कोकणात अशा आया पैशाला पासरी आहेत पण पडद्यावर एवढी गोड कुणी केली नाही.

उगीचच

ही बदलीची गोष्ट मात्र कळली. मी सरकारी नोकरीत आहे, आमच्याकडे साहेब चिडले की नकाशात कुठल्या कोपऱ्यात बोट ठेवतात ते सगळ्यांना पाठ असतं. आणि तिकडे गेलेला माणूस तीन वर्षांनी परत यायला तयार नसतो, तिकडची कोंबडी आणि शांतता सोडवत नाही. बायकोला मात्र फोनवर 'फार हाल आहेत गं'. बघतो हा.

चिंचगुळ

सगळ्यांना सावकाश उत्तर देते, दिवसभर मीटिंगा.

ल्योंकर, तुझं ते स्वतः लिहिण्याचं शंभर टक्के पटलं. मी वर लिहायचं विसरले, त्या नेकलेसवाल्या सिनेमाचं मूळ नाटक ज्यांनी लिहिलंय त्या दोघांपैकी एक आन्येस जावी, आणि सिनेमात ती वैतागलेली बहीण तीच. दुसरा तिचा तेव्हाचा जोडीदार जाँ-पिएर बाक्री, कॅफेवाला भाऊ. मग जावीने २००० मध्ये 'ल गू देझोत्र' स्वतः दिग्दर्शित केला, तो ऑस्करच्या परभाषिक यादीत पोचलेला. त्यात एक कारखानदार आहे, मिशीवाला, कलेचा गंध नाही, बायको ओढून नाटकाला नेते म्हणून जातो आणि तिथल्या नटीवर फिदा होतो, ती नेमकी त्याची इंग्लिशची शिकवणीवाली निघते. तिला आवडावं म्हणून मिशी काढून येतो. ती नटी आन आल्व्हारो, अत्यंत साधा चेहरा, चाळिशीपुढची. तिचे कलाकार मित्र या माणसाची त्याच्या तोंडावर टर उडवतात आणि त्याला कळतच नाही, आणि तिला कळतं. तिचं ते अवघडून बसणं! टेबलाखाली जाऊन लपावंसं वाटतं आपल्याला.

आणि बालास्को. तिचा 'त्रो बेल पूर तुआ' बघा, १९८९. गोष्ट ऐका. गाड्या विकणारा माणूस, देपार्द्यू. घरी बायको कारोल बुके, जी खरोखर त्या काळी शनेल नंबर फाइव्ह अत्तराच्या जाहिरातीत असायची, म्हणजे किती सुंदर ते समजा. आणि हा माणूस प्रेमात पडतो ऑफिसात टेंपररी आलेल्या, ठेंगण्या, जाड, स्वेटरातल्या सेक्रेटरीच्या, म्हणजे बालास्कोच्या. आपल्याकडे हा सिनेमा असता तर सेक्रेटरी कारोल बुके असती. किंवा बालास्को दिसली की मागे ट्यांव ट्यांव म्युझिक. इथे मागे शूबर्ट वाजतो आणि तिचा चेहरा असा उजळतो की तुम्हालाही बायको कंटाळवाणी वाटायला लागते. पूर्ण विनोदी नाहीये, आधीच सांगते, शिव्या नकोत. १९९५ चा 'गाझों मोदी' तर तिने लिहिला, दिग्दर्शित केला, कामही केलं, आणि पटकथेचा सेझार घेतला.

शेवग्याचीशेंग

छान चर्चा. मला एक प्रॅक्टिकल प्रश्न आहे. आमच्याकडे साबा, म्हणजे सासूबाई, महिनाभर राहायला आल्यात, सिरियली संपल्या की मी काय बघते ते त्यांना बघायचं असतं. घरी बघता येतील असे सांगा प्लीज, म्हणजे मध्येच रिमोट शोधायला लागणार नाही असे. फ्रेंच म्हटलं की धाकधूक वाटते.

ल्योंकर

शेंग, बिनधास्त लाव:

'ला फामिय बेलिए', २०१४. शेतकरी कुटुंब, आईवडील आणि मुलगा ऐकू न येणारे, एकटी मुलगी ऐकते आणि तिला गायचं असतं. आई कारीन व्हियार, सगळं काम खुणांनी आणि तरी घरात सगळ्यात जास्त आवाज तिचाच वाटतो. याचाच इंग्रजी रिमेक 'कोडा', ज्याला ऑस्कर मिळालं. डॉक्टरकडचा एक सीन जरा चावट आहे, तेव्हा पाणी आणायला उठ.

श्तीवाला वर सांगितलाच आहे.

'ले साव्हर द्यु पाले', परत कातरीन फ्रो, राष्ट्राध्यक्षांच्या घरगुती जेवणाची आचारी. कोबीत मासा भरतात बघ. साबा स्वयंपाकातल्या असतील तर हाच लाव.

अॅमेली मी पण सांगणार नाही, चिंचगुळ मारेल.

बोरूबहाद्दर

अॅमेलीला का मारायचं पण? ओद्रे तोतू क्रेम ब्रुलेच्या वरचा साखरेचा पापुद्रा चमच्याने फोडते, त्यानंतर मी नऊशे रुपयांचं ते डेझर्ट एका हॉटेलात मागवलं होतं आणि वर पापुद्राच नव्हता, मऊ. फोडायला काहीच नाही. जीवनातलं एक मोठं दुःख.

चिंचगुळ

मारायचं असं नाही रे. गोड सिनेमा आहे, पण एवढा गोड की चहात तिसरा चमचा. आणि फ्रेंच नटी म्हटलं की लोक तिथेच थांबतात ना, याचा राग. त्यापेक्षा अॅमेली जिथे काम करते त्या कॅफेची मालकीण बघ, सुझान. ती क्लेर मोरिए. आणि माझ्या नेकलेसवाल्या सिनेमातली सासूबाई पण तीच! आणि १९५९ मध्ये त्रुफोच्या 'ले कात्र सां कू'मधली त्या पोराची आई पण तीच. एवढ्या वर्षांत ही बाई कुठे कुठे येऊन बसलीये आणि आपण तिचं नाव घेत नाही.

बोरूबहाद्दर

काय सांगतेस. हे खरंच माहीत नव्हतं, परत बघावा लागणार.

दुपारचाचहा

क्लेर मोरिएंचं नाव निघालं, बरं वाटलं.

जुन्यातलं एक सांगून जातो. १९६१, गोदारचा 'युन फाम ए युन फाम', आना कारिना. मुळात डेन्मार्कची मुलगी, फ्रेंच बोलताना एक वेगळाच सूर लागतो तिचा आणि तो फार गोड लागतो. त्यात ती अंडं तळत असते, फोन वाजतो, तर ती तव्यातलं अंडं वर उडवते, जाऊन फोन घेते, एक मिनिट हां म्हणते, परत येते आणि तवा पुढे धरते तर अंडं तेव्हा खाली पडतं. बस, एवढंच. आणि एक रात्रीचं भांडण आहे, दोघांनी ठरवलंय एकमेकांशी बोलायचं नाही. तर तो हातात दिवा घेऊन कपाटाकडे जातो, पुस्तक आणून त्याच्या मुखपृष्ठावरचं नाव दाखवतो, ती उठते, तोच दिवा घेऊन जाते, तिचं पुस्तक आणते. शिव्या सगळ्या पुस्तकांच्या नावांतून. आमचं लग्न झाल्यावर आम्ही हे करून बघितलं होतं, पण घरात पुस्तकं सगळी अध्यात्माची, भांडण पुढे सरकेना.

उगीचच

काका =)) =))

ल्योंकर

काका जबरी!

दनव्हबाईंचं कुणीच बोललं नाही अजून म्हणून मी. 'युइत फाम', २००२, दिग्दर्शक ओझों. बर्फात अडकलेलं घर, घरातल्या पुरुषाचा खून, आठ बायका, आठही संशयित, आणि मध्येच एकेक जण उठून गाणं म्हणते. कातरीन दनव्ह, इझाबेल युपेर, फानी आर्दां, दानिएल दारिय, सगळ्या एका घरात, बर्लिनला सगळ्यांना मिळून एकच बक्षीस दिलं. युपेरला लोक गंभीर भूमिकांसाठी ओळखतात, पण यातली ती चष्मेवाली कुरकुरी मावशी, जिला सतत काहीतरी होत असतं, गोळ्या, धडधड, माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही... प्रत्येक मराठी लग्नात अशी एक मावशी असते, फोटोत नेहमी कडेला. स्वयंपाकीण शनेल म्हणजे फिर्मीन रिशार, तिचा पहिलाच सिनेमा कोलीन सेरोचा 'रोम्युआल्द ए ज्युलिएत', त्यात ती ऑफिसची सफाई करणारी पाच पोरांची आई, आणि दही बनवणाऱ्या कंपनीचा साहेब संकटात सापडल्यावर हिच्या घरी येऊन लपतो. तोही शोधा.

आणि नव्यातली लोर कालामी. 'दी पूर सां' या मालिकेतली नोएमी, म्हणजे कॉल माय एजंट. त्याचं हिंदी पण आलं २०२१ मध्ये, त्यात रजत कपूर, म्हणजे भेजा फ्रायवाला परत. फ्रेंच नोकरी दिसली की तो अर्ज करतो बहुतेक. कालामीचा 'आंत्वानेत दां ले सेव्हेन' बघा, २०२०. शाळेच्या बाई, विद्यार्थिनीच्या वडिलांवर प्रेम, तो बायकोमुलीला घेऊन डोंगरात ट्रेकला जातो म्हणून ही पण मागोमाग, सोबत भाड्याचं गाढव, नाव पात्रिक. गाढव एक पाऊल टाकत नाही. ही रडकुंडीला येऊन त्याला स्वतःच्या प्रेमाची कहाणी सांगायला लागते तर चालायला लागतं, गप्प झाली की थांबतं. अख्खा सिनेमा बाई गाढवाशी बोलतेय आणि तेवढ्यावर मुख्य अभिनेत्रीचा सेझार. लफडं आहे, त्यामुळे शेंग, हा साबांबरोबर नको.

शेवग्याचीशेंग

रिपोर्ट द्यायला आले.

आचारीवाला बघितला, साबांना कोबीचं पटलं नाही पण फ्रोबाई आवडल्या. म्हणाल्या हिचा अजून एक लाव. मग मी धीर करून चिंचगुळचा नेकलेसवाला लावला. सबटायटल इंग्रजी, त्यामुळे मी शेजारी बसून भराभर मराठीत सांगत होते, जमेल तसं.

तो प्रसंग आला. मला आधीच हसायला येत होतं, सांगताना शब्द फुटेना, कुत्र्याचा पट्टा म्हणतेय ती, पट्टा. साबा अजिबात हसल्या नाहीत. म्हणाल्या थांबव जरा. मला वाटलं झालं, काहीतरी लागलं. तर म्हणाल्या, मला तुझ्या सासऱ्यांनी चाळिसाव्या वाढदिवसाला कुकरची शिट्टी आणून दिली होती. गिफ्टपेपरात. वर लाल रिबीन. मी पण असंच म्हटलं, अय्या किती छान, कशाला एवढा खर्च.

मग आम्ही दोघी जे हसलो ते साबु (सासरे) आतल्या खोलीतून उठून विचारायला आले काय झालं. साबा म्हणाल्या काही नाही, तुम्ही झोपा. आणि मला म्हणाल्या लाव पुढे. शेवटी ती त्या बारवाल्या पोराबरोबर नाचते तिथे परत थांबवायला लावलं आणि मागे घेऊन दोनदा बघितलं.

ल्योंकर

साबांना आयडी काढून द्या, ताबडतोब.

चिंचगुळ

शेंग, काय लिहिलंयस. शिट्टी आहे का अजून?

शेवग्याचीशेंग

विचारलं. आहे, गावाकडच्या कुकरला तीच लावलीये. चांगली वाजते म्हणे.